बेबंद

चौथ्या प्रकरणाच्या सातव्या पानावर
तीन आठवडे अडकून पडलोय.
शब्द एकच, पण मराठीत येत नाही.
अराजक लिहिलं की पेपरातला मथळा होतो,
एसटीची काच फुटते.
अराज्य लिहिलं की बायको विचारते, कोणाचं?
बेबंद लिहून पाहिलं, आणि
खिडकीतून बांध्या दिसल्या.
एका बांधीचा बांध फोडा,
लोंबीवर आलेलं धान चार दिवसांत माना टाकेल.
खोडला.

लेखक मोठा माणूस आहे.
विसाव्या वर्षी माझं त्याच्याशी भांडण नव्हतं.
साकोलीच्या स्टँडवर, झेरॉक्सच्या फिकट पानांत
मी त्याला वाचला, आणि तत्त्व म्हणून
तिकीट न काढता घरी आलो.
कंडक्टरने उतरवलं नाही. मामाचा साडू होता.

आता तो लिहितो, हुकूम भाषेतच वसतो,
नकार हीच कृती,
उद्याचा आराखडा मागणारा आतून पोलीसच.
बरं.
पण दसरू मारबते रात्री दोनला उठतो,
बॅटरी घेऊन तलावाच्या पाळीवर चढतो,
गार पाण्यात छातीपर्यंत उतरून
चाचपत तुडुमाची खुंटी काढतो.
आधी टोकाची शेतं, मग जवळची,
हे कुठं लिहिलेलं नाही.
त्याला शिक्का नाही, वर्दी नाही,
चार पायल्या धान ठरलेलं, तेही मागून आणावं लागतं.
हा हुकूम आहे का? मी पान उलटतो.
पुस्तकात रात्रीचे दोन वाजत नाहीत.

मागच्या पुसात शहरातून निनाद आला होता.
समाजमंदिरात म्हणाला, गोल बसा,
गोलात कोणी वर नसतं.
बसलो. बाया दाराशी बसल्या,
गोल तिथवर पोचला नाही.
सव्वा तास तो आडव्या रचनेवर बोलला.
"आडवा असन तं पानी कसा जाते जी?" दसरू म्हणाला,
"उतार लागते ना."
निनादनं ते वहीत उतरवून घेतलं.
आम्ही सगळे खूश झालो.
मला तेही आवडलं नाही.

कारण पुढचं सांगितलं नाही तर
मीही गाव विकतोय, त्याच भावात.
त्याच समाजमंदिरात, त्याच सतरंजीवर,
ना पोलीस ना पटवारी ना मालगुजार,
आम्ही भागरता वलथरेचा मासळीतला हिस्सा काढून घेतला.
नवरा मेला, जाळं मर्दाचं,
असं कोणी मोठ्यानं म्हटलंसुद्धा नाही.
मतदान झालं नाही. आम्ही मतदान घेत नाही,
एकमत होईपर्यंत बसतो.
साडेअकराला एकमत झालं.
हललेल्या मानांत माझी होती, डावीकडून तिसरी.

ती तहसीलला गेली.
ज्या राज्यसंस्थेविरुद्ध मी रोज
पहाटे दीड पान करतो, तिच्याकडे.
बाबूने सात खेपा घालायला लावल्या,
आठवीला कागद दिला, गोल शिक्क्याचा.

सांग बाबा, तो कागद कुठं ठेवू?
तळटिपेत?
तुझ्याकडे मुकुट आहेत, तुरुंग आहेत,
मेंदूत बसलेला पहारेकरीसुद्धा आहे,
शेजाऱ्याची मान नाही.

म्हणून मी तहसीलदाराचा झालो नाही.
त्याच्या दप्तरात आमच्या तलावाचा गाळ निरंक आहे.
कोहळ्यांनी खणला, हेही निरंक.
गाळ कमरेएवढा आहे, मला माहीत आहे,
कारण आज दसरूला ताप आहे
आणि पाण्यात मी उभा आहे.
पुस्तक घरी, सातव्या पानावर
शब्दाच्या जागी एक रेघ.
खुंटी सापडत नाही. पायाला काहीतरी लागून जातं.
पाळीखालून आवाज येतो,
"कोन हाय?"
मी.
"मी कोन?"
नाव सांगतो. बराच वेळ ती काही बोलत नाही.
मग म्हणते,
"हरू सोड. जाल लावला हाये खाली."